परवानगी अठ्ठावीस दिवसांची

शिडाच्या बोटीनं हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर जाऊन बेळगावला परत आल्यापासून एकच प्रश्न शंभर वेळा ऐकलाय, महिनाभर त्या बेटावर बसून केलासा काय? दूधवाला विचारतो, शाळेतल्या बाई विचारतात, माझी चुलत सासू तर अजून समजून आहे की आम्ही अंदमानला गेलेलो. प्रत्येकाला परत परत सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, जमेल तसं.

पहिलं म्हणजे आम्ही श्रीमंत बिरीमंत नाही. नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनियर, सहा महिने जहाजावर नि सहा महिने घरी, मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. २०१८ मध्ये लंकावीला, म्हणजे मलेशियात, एक म्हातारा गोरा आपली शिडाची बोट विकायला काढून बसला होता. ३७ फुटी, फायबरची, १९८६ सालची. पैसे किती ते सांगत नाही पण टिळकवाडीत त्या पैशात वन बीएचके पण आला नसता. ह्यांनी मला न विचारता टोकन देऊन टाकलं आणि मग फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "घर बांधायचं सोडून डोणी घेतलास काय रे मर्दा!" मी चार दिवस बोलले नाही. नंतर बिनपगारी रजेचा अर्ज टाकला, मुलांच्या शाळेत हेडमास्तरांचे पाय धरले आणि गोवावेसच्या तलावात रोज सकाळी जाऊन पोहायला शिकले, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आठ वर्षांच्या पोरांबरोबर. त्यातलं एक पोरगं माझंच होतं.

जानेवारी २०१९ ला लंकावी सोडलं. थायलंड, श्रीलंकेत गॉल, मग मालदीव. तो सगळा प्रवास इथं सांगत बसत नाही, त्यात उलट्याच जास्त आहेत. मालदीवच्या एकदम खालच्या टोकाला गान म्हणून बेट आहे, तिथं एप्रिलमध्ये पोचलो आणि तिथनं पुढं जायचं होतं चागोसला.

चागोस कुठं ते बघायचं तर नकाशात बेळगाववर बोट ठेवा (हाताचं) आणि सरळ खाली ओढत न्या, कारवार, मग समुद्र, लक्षद्वीप डाव्या हाताला कुठंतरी, मालदीव, विषुववृत्त, आणि जरा डाव्या अंगाला साधारण २३५० किलोमीटरवर पेन्सिलीनं टिंब दिल्यासारखी बेटं. गंमत म्हणजे आपल्यापेक्षा पश्चिमेला असून तिथलं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढं. धाकट्यानं त्यावर मला दोन दिवस छळलं, आणि माझ्याकडं धड उत्तर नव्हतं, घड्याळ सरकार ठरवतं बाळा, एवढंच.

आणि सरकार तेव्हा ब्रिटनचं. ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश असं त्याचं नाव. तिथं दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ आहे, त्याच्या जवळपासही फिरकायचं नाही. बाकी दोन प्रवाळबेटांच्या कड्यांमध्ये, सालोमन आणि पेरोस बान्होस, शिडाच्या बोटींना वाटेत थांबायची परवानगी आम्ही गेलो तेव्हा मिळायची, ती पण लंडनला अर्ज करून, जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांची. तिथं दुकान नव्हतं, माणूस नव्हता, टॉवर नव्हता, पेट्रोल नव्हतं. आजारी पडलात तर तुमचं तुम्ही.

अर्जाला बोटीची कागदपत्रं, सगळ्यांचे पासपोर्ट, आणि विमा. विमा म्हणजे साधा नाही, बोट प्रवाळावर आपटून फुटली तर तिचा सांगाडा तिथून उचलून न्यायचा खर्चसुद्धा विम्यात पाहिजे, आणि माणूस आजारी पडला तर त्याला तिथनं हलवायचा वेगळा विमा. एका कंपनीनं बोटीचं साल बघूनच नाही म्हटलं. दुसरी म्हणाली सर्व्हे करा. सर्व्हेवाला म्हणाला डोलकाठीच्या तारा बदला. तारा बदलल्या, सर्व्हे परत, विमा झाला, तोवर माझ्या दोन बांगड्या गेल्या होत्या. मला राग यायचा तेव्हा ह्यांचं एकच उत्तर, "अगं, आपल्याकडं उतारा काढायला तहसीलदार हापिसात किती फेऱ्या घातलीस ते आठव की." ते खरंच होतं. बेळगावच्या माणसाला कागदाची भीती घालू नये, तो कागद तिसऱ्याच भाषेत असला तरी आम्ही कुणाकडनं तरी वाचून घेतो.

परवानगी ईमेलवर आली. २७ एप्रिल ते २४ मे. प्रिंट काढायला गानहून टॅक्सीनं शेजारच्या गावात गेलो.

सामान भरणं ही माझी बाजू. चार माणसं, अठ्ठावीस दिवस, पुढचे दहा-बारा दिवस मॉरिशसकडं जाताना समुद्रात, आणि अडकलो तर म्हणून आणखी पंधरा, असा हिशोब धरला. बाकीच्या बोटवाल्या बायका पास्ता नि डबे भरत होत्या. मी बेळगावहून निघतानाच कडक भाकरीचे गठ्ठे आणले होते, ज्वारीच्या नि बाजरीच्या, उन्हात वाळवलेल्या, पापडासारख्या कडक. डब्यात दमट हवा लागू दिली नाही तर महिनोन् महिने राहतात. आमच्याकडं लोक शेतावर, यल्लम्माच्या जत्रेला ह्याच बांधून नेतात, समुद्रात का नको? शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, कांदालसूण मसाला, आमसुलं, बेळगाव बासमती पंधरा किलो, मटकी, मूग. गोकाकचं करदंट चार डबे, ते मात्र गॉलच्या आधीच संपले, रात्रपाळीला कोण खात होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कोबी प्रत्येक वेगळा वर्तमानपत्रात गुंडाळून, अंडी रोज उलटायची म्हणजे टिकतात, बटाटा आणि कांदा एकत्र ठेवायचा नाही. विरजण शेवटपर्यंत मरू दिलं नाही, दुधाची पावडर वापरून रोज वाटीभर लावायचं, ती माझी देवपूजा होती म्हणा.

गान ते सालोमन साधारण २८० सागरी मैल. अडीच-तीन दिवस. वारा कधी होता कधी नव्हता, तो काळच असा असतो, वायव्येचा वारा संपत आलेला आणि आग्नेयेचा अजून लागलेला नाही. दोन रात्री नुसत्या विजा. विजा दिसल्या की फोन, जीपीएस, रेडिओ सगळं ओव्हनमध्ये ठेवायचं, लोखंडी पेटीत वीज शिरत नाही म्हणून, एकदा ते विसरून मी ओव्हन पेटवायला गेले होते. थोरलीनं किंचाळून थांबवलं.

आत शिरायला एकच तोंड आहे, उत्तरेच्या अंगाला, बाकी सगळीकडनं प्रवाळाची भिंत. ते दुपारी बाराच्या आसपासच करायचं, सूर्य वर आणि पाठीमागं असताना, म्हणजे पाण्यातलं दिसतं. नकाशावर भरवसा ठेवायचा नाही, लोक उपग्रहाचे फोटो आधीच कॉम्प्युटरवर घेऊन ठेवतात आणि त्यावर आपली बोट सरकताना बघतात, तरी शेवटी डोळाच खरा. थोरली, तेव्हा तेरा वर्षांची, पुढं नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकावर, उभी राहिली. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे वाळू, आणि चहासारखं तपकिरी दिसलं की थांब. तिनं हात वर केला की ह्यांनी इंजिन मागं घालायचं. पाऊण तास तिचा शब्द शेवटचा होता, घरात तिला एवढा मान आधीही नव्हता नि नंतरही मिळाला नाही.

आत गेल्यावर मात्र... काय सांगू. आठ किलोमीटर लांब तळं, सगळीकडनं अकरा छोटी बेटं कडेनं बसलेली, आणि एक माणूस नाही. दोन बोटी लांब उभ्या होत्या, एक फ्रेंच नवराबायको, एक दक्षिण आफ्रिकेचं कुटुंब. मी पहिल्यांदा काय केलं तर सवयीनं मोबाईल बघितला.

आधी बोद्दाम बेटापाशी थांबलो. वायव्येचा वारा असताना तीच जागा बरी. पण तळ सगळा प्रवाळाच्या गड्ड्यांचा, घराएवढे गड्डे आणि मधे मधे वाळूचे पट्टे. नांगर वाळूत टाकायचा, प्रवाळावर टाकला तर प्रवाळ मोडतं आणि ते वाढायला माणसाचा जन्म जातो. आणि साखळी बोट फिरेल तशी गड्ड्याभोवती गुंडाळते, बैल खुंट्याभोवती फिरून दावं आखडून घेतो ना, तसं. त्यावर उपाय म्हणून साखळीला मधे मधे फुगे बांधायचे, म्हणजे ती तळावरनं उचललेली राहते. हे रोज सकाळी चष्मा घालून पाण्यात उतरून साखळी बघून यायचे. मी वरनं विचारायचे, "दिसतंय काय ओ?" तर पाण्यातून अंगठा.

मग आमचं रुटीन लागलं, आणि खरं सांगायचं तर रुटीन पाण्याभोवतीच होतं. टाकीत ३५० लिटर. चार माणसं. प्यायला नि स्वयंपाकाला माणशी तीन लिटर धरले तरी महिन्यात संपतं, आंघोळ, भांडी, कपडे सोडूनच द्या. फ्रेंच बाई काळजीत असायची, मी नव्हते. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं वाढलेल्या बाईला हे काय सांगायचं? भांडी समुद्राच्या पाण्यानं, शेवटचं विसळणं गोड्या पाण्याच्या वाटीनं. भाताला अर्धं समुद्राचं घालून बघितलं, खारट झाला, चौथाई बरोबर बसतं. आणि पाऊस. ढग काळा दिसला की ताडपत्री ताणून मधे लोटी बांधायची, पहिली पाच मिनिटं मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि मग नळी टाकीत. कणकुंबीचा पाऊस बघितलेली मी, तरी एका तासात दोनशे लिटर गोळा झाले तेव्हा पोरांबरोबर नाचले.

कपड्यांना विहीर होती. बोद्दामवर. आणि इथनं मला ते सांगायचंय जे लोकांना सांगताना मी नेहमी गाळते, कारण लोकांना शार्क नि नारळखेकडे ऐकायचे असतात.

बेट रिकामं आहे म्हणजे ते आधीपासून रिकामं नव्हतं. धक्क्याचे दगड अजून आहेत. तिथनं आत गेलं की नारळीचं रान, माणूस नसल्यानं पडलेला प्रत्येक नारळ जागच्या जागी रुजलेला, पाय टाकायला जागा नाही, आणि त्या रानात मधेच भिंती. छप्पर नसलेलं चर्च. घरांची जोती. वडाच्या पारंब्या भिंतीत शिराव्यात तशी मुळं दगडात शिरलेली. नीरफणसाची झाडं, आपल्या गोव्याकडं असतात तीच. आम्ही ठरवलं होतं झाडावरचं काही तोडायचं नाही, खाली पडलेलं तेवढं उचलायचं, एक बरा नीरफणस मिळाला त्याचे रवा लावून काप केले, दक्षिण आफ्रिकेची पोरं बोटं चाटत होती. आणि जरा पलीकडं स्मशान. क्रूस, फ्रेंच नावं, काही पुसलेली.

धाकट्यानं विचारलं, "आई, ही माणसं कुठं गेली?"

मी मास्तरीण, मला सांगायला पायजे. थोडं मी आधी वाचलं होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी मोझांबिक, मादागास्करकडनं गुलाम आणले नारळाच्या मळ्यात राबवायला, नंतर भारतातूनही मजूर गेले. दीडशे-पावणेदोनशे वर्षं ती माणसं तिथं राहिली, खोबरं वाळवायचं, तेल काढायचं, मासे धरायचे, त्यांची स्वतःची क्रिओल, म्हणजे फ्रेंच नि बाकीच्यांची सरमिसळ, भाषा झाली. मग ८ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटननं ही बेटं मॉरिशसपासून कागदावर वेगळी काढली, मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या आधी, आणि तीस लाख पौंड दिले. अमेरिकेला तळ पाहिजे होता आणि आसपास माणूस नको होता. १९७१ ला दिएगो गार्सिया रिकामं केलं, तिथली कुत्री मारली. १९७२ ला हे बोद्दाम. १९७३ ला पेरोस बान्होस. दीड-दोन हजार माणसं, बरोबर एखादी पेटी, जहाजात घालून मॉरिशस नि सेशेल्सला नेऊन सोडली.

थोरली म्हणाली, "म्हणजे आपल्याला अठ्ठावीस दिवस राहायला मिळतं आणि त्यांना एक पण नाही?" मी म्हटलं २००६ मध्ये शंभरेक जणांना जहाजानं आणून कबरी साफ करू दिल्या होत्या. "मग?" मग परत नेलं.

त्या दिवशी विहिरीवर कपडे धुताना माझं चित्त नव्हतं. पाणी जरा मचूळ, पण साबणाला फेस यायचा. दोर आमचा, बादली आमची, विहीर कुणाची? आमच्याकडं सीमाभागात १ नोव्हेंबर म्हटलं की काय ते सांगायला नको, माझ्या आज्जाच्या तोंडून लहानपणापासून ऐकलंय की १९५६ ला आम्ही जागचे हललो नाही, राज्यच आमच्या खालनं सरकलं. रात्री झोपले मुंबई राज्यात, सकाळी उठले म्हैसूरमध्ये. इथं उलटं, बेट जागच्या जागी नि माणसं उचलली. ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले तुलना करू नको, आपल्याला निदान घरातनं कुणी काढलं नाही. ते पण बरोबर. मी गप्प बसले. पण नोव्हेंबर तोच होता आणि पेन पण तसलंच, लांब कुठंतरी टेबलावर चाललेलं.

आता मुलांना आवडतो तो भाग. नारळखेकडा. चार किलोपर्यंत होतो, पाय पसरले तर मीटरभर. झाडावर चढतो. मारायची बंदी, आणि रात्री बेटावर राहायची पण बंदी, म्हणून संध्याकाळच्या उजेडात नारळाच्या सोडणांच्या ढिगात बघायचा. पन्नास-साठ वर्षं जगतो. धाकट्यानं लगेच हिशोब केला, म्हणजे आई, ह्यानं ती माणसं बघितली असतील. निळा-जांभळा एक भला मोठा बसलेला, आमच्याकडं बघत. मला काही सुचेना, मी म्हटलं असेल बाबा.

आणि पांढरे पक्षी, जे घरटंच बांधत नाहीत, उघड्या फांदीवर अंडं ठेवतात. सासूबाईंना हे मेसेज करून कळवलं, त्यांचं उत्तर, "तुमच्यासारखेच म्हणजे."

मेसेजचं सांगायचं राहिलं. उपग्रहाचं एक छोटं यंत्र होतं, त्यावर १६० अक्षरांचा मेसेज जायचा. पण देवनागरीत लिहिलं की अक्षरं निम्म्याच्या आतच संपायची, म्हणून भावाला मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागायची. तो म्हणाला, बघ, कानडी नाही, हिंदी नाही, उपग्रहाला पण मराठीचंच वावडं.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती रात्र आली. अडीच वाजता एकदम थंड वारा, आणि उत्तरेकडनं. बोद्दामला उत्तर उघडी, अख्ख्या तळ्याचं पाणी आमच्या अंगावर. दहा मिनिटांत लाटा. आणि साखळी, सगळे फुगे बांधूनसुद्धा, एका गड्ड्याला अडकून आखूड झाली. बोट वर उचलली जायची आणि साखळी खाली खेचून धरायची, दर वेळी असा आवाज की वाटायचं आता नाळच उपटून येतेय. धक्का खायला साखळीला जाड नायलॉनचा दोर लावलेला असतो, तो तुटला, गोळी सुटल्यासारखा आवाज. साखळी ज्यावरनं जाते तो पुढचा रोलर वाकला. मागं सत्तर-ऐंशी मीटरवर प्रवाळ पांढरं फेसाळत होतं. हे पुढं पोटावर पडून दुसरा दोर बांधत होते, मी सुकाणूवर, इंजिन हळू पुढं घालून साखळीवरचा ताण कमी करायचा, जास्त घातलं तर बोट साखळीवर जाणार, कमी घातलं तर ताण. पाऊस असा की पुढचं दिसत नव्हतं, थोरली मधे उभी राहून ह्यांचा शब्द मला ओरडून सांगत होती. "पुढं! बस! पुढं!" धाकट्याला लाइफ जॅकेट घालून खाली बसवलेलं, तो मोठ्यानं भीमरूपी म्हणत होता, चुकत चुकत, आणि मला त्या परिस्थितीत चुका दुरुस्त कराव्याशा वाटत होत्या. पन्नास मिनिटं चाललं. मग वारा बंद, जसं बटण दाबून. चांदण्या पण आल्या.

सकाळी हे उतरून बघून आले. साखळी गड्ड्याला दीड वेढा. सोडवायला तीन तास आणि दक्षिण आफ्रिकेचा बाप मदतीला. प्रवाळाचा एक तुकडा मोडला होता. बोट वाचली याचा आनंद झाला नाही असं नाही, पण हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही पलीकडं फुके बेटापाशी गेलो. तिथं वाळू बरी, आग्नेयेच्या वाऱ्याला आडोसा, आणि आठवडाभरात तो वारा लागला पण, रात्रंदिवस एकसारखा, डास गेले, झोप लागायला लागली. ते दिवस सोन्यासारखे. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. सकाळी मराठी-गणित, दुपारी पाणी, संध्याकाळी वाळूत बोटवाल्यांची पोरं विटीदांडू. गुडघाभर पाण्यात काळ्या टोकाचे छोटे शार्क यायचे, मांजरासारखे पायाशी. मासे बाहेर गळ ओढून धरायचे, तीन दिवसांत खाऊन संपेल एवढेच, असा नियम होता. एकदा टुना मिळाला, कांदालसूण मसाल्यात केला, कडक भाकरी चुरून. कचरा सगळा बोटीत साठवायचा. आणि किनाऱ्यावर माणूस नसूनही चपला, शेकडो चपला, बाटल्या, समुद्रानं आणलेल्या. पोरांनी चार पोती भरली, पण न्यायची कुठं? भरतीच्या वर नेऊन ठेवली.

धाकट्याचा पाय प्रवाळानं कापला, तीन दिवसांत सुजला. बेळगावात माझी वहिनी डॉक्टर, १६० अक्षरांत सल्ला: घास, उकळलेलं पाणी, आत काही राहू देऊ नको, अमुक गोळी पाच दिवस. घासताना तो जे ओरडला ते दिएगो गार्सियाला ऐकू गेलं असेल. बरा झाला.

गस्तीची बोट एकदाच आली. रबरी बोटीतून चौघं, अगदी सभ्य. परवाना बघितला, विमा, पासपोर्ट, मासे किती धरले विचारलं. शिक्का मारला. मी चहा केला, आलं घालून, दोघांनी घेतला. मला विचारायचं होतं विहिरीचं, त्या माणसांचं. विचारलं नाही. परवाना टेबलावर होता.

२३ मेला भावानं लोकसभेचे निकाल पाठवले, तीन मेसेजमध्ये. आदल्याच दिवशी, २२ मेला, संयुक्त राष्ट्रांत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला होता की ब्रिटननं ही बेटं सहा महिन्यांत सोडावीत, भारतानं पण बाजूनं मत दिलं होतं. ते आम्हाला तिथं बसून कळलंच नाही, भावानं ते कशाला पाठवावं. ते सहा महिने गेले, काही झालं नाही. मग बरोबर सहा वर्षांनी, २२ मे २०२५ ला, बेटं मॉरिशसला द्यायचा करार झाल्याचं वाचलं तेव्हा मी शाळेत होते, पोषण आहाराचा हिशोब लिहीत.

२४ मेला निघालो. रॉद्रिग्जपर्यंत हजार सागरी मैल, वारा आडवा, दहा दिवस बोट कलंडलेली, भाताचं पातेलं दोन वेळा छताला. ते परत कधी.

मग मॉरिशस, पोर्ट लुई. तिथं मराठी माणसं आहेत हे माहीत होतं, गिरमिटात, म्हणजे कराराच्या मजुरीवर, गेलेल्यांची पुढची पिढी, कास्काव्हेलला त्यांचं मंदिर आहे. तिथं भेटलेल्या एका काकी आम्हाला बाजारात घेऊन फिरायच्या, त्यांचं मराठी आरतीपुरतं आणि थोडं इकडचं तिकडचं, बाकी क्रिओल, पण मला त्या परक्या वाटल्याच नाहीत. भाजीच्या एका टोपलीपाशी म्हातारी बसलेली. काकी तिच्याशी काहीतरी बोलल्या आणि मला म्हणाल्या, ही तिकडची, सालोमनची. मी सांगून टाकलं आम्ही तिथनंच आलो. काकींनी तिला सांगितलं. म्हातारीनं हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

तिनं पहिल्यांदा चर्चचं विचारलं नाही, कबरींचं पण नाही. काकी म्हणाल्या, विचारतेय, विहिरीला पाणी आहे काय?

आहे म्हटलं. भरपूर आहे. आम्ही कपडे धुतले तिथं, हे तोंडातनं निघून गेलं आणि जीभ चावली. काकींनी ते पण सांगून टाकलं. म्हातारी हसली, दोन दात, आणि परत काहीतरी विचारलं. काकींना नीट कळेना, त्यांनी परत विचारून घेतलं.

"म्हणते, कुठल्या विहिरीवर?"

आम्हाला एकच माहीत होती.